तारण

कारागृहाच्या मोठ्या फाटकात एक लहान दार असतं. जुन्या वाड्यांना असायचा तसा दिंडी दरवाजा. कितीही मोठा माणूस असो, आत जाताना मान लववावीच लागते. मला ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी कपाळ चौकटीवर आपटलं. मागून आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, “सगळ्यांचं आपटतं पहिल्यांदा.” त्यांना आधी सांगता आलं असतं, पण ते सांगत नाहीत. अजूनही नव्या माणसाला सांगत नाहीत.

आत गेलं की पर्स, मोबाइल, केसांतल्या पिना सगळं काढून ठेवायचं. आमच्या हार्मोनियमचा भाता हवालदार दर वेळी उघडून बघतो. मग मनगटावर निळा शिक्का मारतात. बाहेर पडताना तो दाखवला की तुम्ही बाहेरचे. पहिल्या दिवशी घरी येऊन मी तो साबणाने घासला, तर दुसऱ्या दिवसापर्यंत गेला नाही. पोळ्या लाटताना सारखा नजरेसमोर येत होता.

मी निवृत्त शिक्षिका. माहेर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. आजोबा टिळकांची पदं टाळ घेऊन म्हणायचे (नारायण वामन टिळक, लोकमान्य नव्हेत, हे शाळेत दर वर्षी सांगावं लागायचं). शाळा सुटली, यजमान गेले, मुलगा पुण्यात. चर्चच्या मंडळीतल्या पाचसहा जणांचा गट महिन्यातून एकदा कारागृहात जायचा, त्यात मलाही ओढलं. बायकांच्या विभागात जायला बाईमाणूस हवंच होतं आणि मला गोष्ट सांगता येते, एवढीच माझी पात्रता.

ख्रिस्ती माणसाला तुरुंगात जायचं कारण शोधावं लागत नाही. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा जी यादी वाचतो, तिच्यात भुकेल्याला जेवू घालणं, उघड्याला वस्त्र देणं याच्या जोडीला तुरुंगात भेटायला येणंही आहे. ‘निरपराध कैद्याला’ असं तिथे म्हटलेलं नाही. कॅथलिकांमध्ये हे काम जास्त पद्धतशीर चालतं. प्रिझन मिनिस्ट्री इंडिया ही त्यांची संघटना 1980च्या दशकात केरळात धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकणाऱ्या तरुणांनी सुरू केली. तिचे आश्रयदाते संत माक्सिमिलियन कोल्बे. ऑशविट्झच्या छळछावणीत 1941 मध्ये एका अनोळखी, मुलाबाळांच्या बापाऐवजी ते स्वतः उपासमारीच्या कोठडीत गेले. त्या मानाने आमचा गट म्हणजे एक हार्मोनियम, एक डफ आणि बिस्किटांचे पुडे.

बिस्किटांचं खरं सांगते. पहिल्या महिन्यात चाळीस बायका आल्या होत्या. दुसऱ्या महिन्यात बिस्किटं गेटवर अडली, तर अकरा आल्या. त्या अकरांकडे बघून मला बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. कारण त्या अकरा तरी कुठे मनाने आल्या होत्या? बराकीत बसून करणार काय? शाळेत पोरं कंटाळली की खिडकीबाहेर बघायची. इथे खिडकीबाहेरही भिंतच. ज्या श्रोत्याला उठून जाता येत नाही, त्याच्यापुढे देवाचं बोलताना जीभ जपून वापरावी असं मला तेव्हापासून वाटतं. परवानगीच्या पत्रात धर्मांतराचा प्रचार करणार नाही अशी अट होती, तिच्यावर गटातले काही जण कुरकुरायचे. मला ती अट रास्त वाटली.

तर गोष्ट. तुरुंगात सांगायची म्हणून ठरलेलीच गोष्ट असते, बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातल्या सोळाव्या अध्यायाची. फिलिप्पै गावात पौल आणि सीला या ख्रिस्ताच्या दोन प्रचारकांना जमावाने धरलं, अधिकाऱ्यांनी कपडे फाडून छड्या मारवल्या, आतल्या कोठडीत टाकून पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री हे दोघे गाऊन देवाची स्तुती करत होते आणि बाकीचे बंदिवान ऐकत होते. भूकंप झाला, दारं उघडली, सगळ्यांच्या बेड्या तुटल्या. बंदिशाळेचा नायक जागा झाला, कैदी पळाले असं समजून त्याने स्वतःला मारायला तलवार उपसली. पौल आतून ओरडला, स्वतःला इजा करू नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. मग तो नायक थरथरत त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, महाराज, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू?

मी इथे थांबले. इथे थांबायचंच असतं. रविवारच्या उपदेशातही पाळक इथेच आवाज खाली आणतात.

तुळशीची माळ घातलेली एक म्हातारी पुढेच बसली होती. सगळ्या तिला आजी म्हणायच्या. ती शेजारणीला म्हणाली, “तारन? ते जामिनाला लागतं त्ये?”

बायका हसल्या. पहाऱ्यावरच्या शिपाईबाईही हसल्या. मी हसले नाही, कारण मला उत्तर सुचेना. लहानपणापासून हा शब्द मी दर रविवारी उच्चारते, आत्म्याचा उद्धार या अर्थाने. बँकेत घर तारण ठेवून कर्जही काढलेलं आहे. ही दोन तारणं एकाच मुळाची असतील असं साठ वर्षांत कधी मनात आलं नव्हतं. माझं शिकवणं मराठीचं, बरं का.

आजी एवढ्यावर थांबल्या नाहीत. “बरं, त्ये जाऊं द्या. सकाळी काय झालं? सोडलं का त्यास्नी?”

“त्या नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या, घरी नेऊन जेवू घातलं...”

“आवं, पर सोडलं का?”

मला आठवेना. एवढ्या वेळा वाचलेला अध्याय, पण माझ्या डोक्यात तो मध्यरात्रीच संपत होता. पुढच्या खेपेला सांगते म्हणाले. शिपाईबाई घड्याळ बघत होत्या, बंदीची वेळ झाली होती. बंदी म्हणजे संध्याकाळी मोजणी करून बराकीला टाळं लावतात ते. तिथे सगळे तेवढंच म्हणतात, बंदी झाली.

घरी येऊन चष्मा लावून वाचलं. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदार पाठवले, त्या माणसांना सोडून द्या. नायक आनंदाने पौलाला सांगायला आला, शांतीने जा. आणि पौल म्हणतो, नाही. आम्ही रोमी माणसं, रोमचे नागरिक. अपराधी ठरवल्यावाचून आम्हाला चारचौघांत मारलं, तुरुंगात टाकलं आणि आता गुपचूप घालवतात काय? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या करून त्यांना बाहेर आणलं.

मी कितीतरी वेळ तशीच बसले. रात्री खोड्यात पाय असताना गाणारा हाच माणूस. दारं उघडली तरी पळाला नाही. एवढा मुक्त माणूस सकाळी कायद्याचं कलम काढून अडून बसतो! आमच्या उपदेशांना ही सकाळ कधी लागतच नाही. आत्म्याची मुक्ती मिळाली की अंगावरच्या बेडीचं काय एवढं, असं आम्ही बिस्किटांबरोबर वाटत होतो. पौलाला तसं वाटलेलं दिसत नाही.

‘अपराधी ठरवल्यावाचून’ हे शब्द तर माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक बायकांना लागू होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यांतली 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही अशी. चारातली तीन. तुरुंगाच्या भाषेत कच्चे कैदी. आमच्या आजी कच्च्याच होत्या.

याच संदर्भात फादर स्टॅन स्वामी आठवतात. झारखंडमध्ये ते कच्च्या कैद्यांसाठी, मुख्यतः आदिवासी तरुणांसाठी काम करायचे. ऑक्टोबर 2020 मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली आणि तळोजा कारागृहात आणलं. कंपवातामुळे त्यांना हातात पेला धरता येत नव्हता. तुरुंगातले इतर कैदी आपल्याला कसे मदत करतात हे त्यांनी पत्रांतून कळवलं, आणि पिंजऱ्यातला पक्षीही गाऊ शकतो असं लिहिलं. 5 जुलै 2021 रोजी, वयाच्या 84व्या वर्षी, वांद्र्याच्या रुग्णालयात ते गेले. जामिनाचा अर्ज तेव्हाही न्यायालयापुढे होता. त्या प्रकरणाबद्दल ज्याचं त्याचं मत असेल. मी एवढंच बघते की त्यांच्या वाट्याला मध्यरात्रीचं गाणं आलं, सकाळ आली नाही.

पुढच्या महिन्यात आजींना उरलेली गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “मंग! मानूस शाना व्हता.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “मुक्ती-बिक्ती तुकोबांस्नी बी नगं व्हती. पर बाई, त्यांस्नी देहूत बसून नगं म्हनता आली. आधी माझी सुटका व्हऊं द्या, मंग मी बी नगं म्हनंन.”

आजींवरचा आरोप हुंडाबळीचा. सून विहिरीत सापडली. मुलगा पुरुषांच्या विभागात, आजी इकडे, सुनेचा तीन वर्षांचा पोरगा सुनेच्या माहेरी. तुरुंगात कुणाला ‘तुम्ही काय केलंत’ असं विचारायचं नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे आणि तो चांगला आहे. पण न विचारता कळतं. आणि कळल्यावर रात्री मला आजी दिसत नाहीत, ती पोरगी दिसते. माझ्या वर्गातून अशा कितीतरी गेल्या. दहावीला साठ टक्के मिळवून सतराव्या-अठराव्या वर्षी मुंडावळ्या बांधलेल्या. ती माझ्याच शाळेतली नव्हती एवढाच काय तो फरक. तुरुंगसेवेच्या साऱ्या बोलण्यात अशी पोरगी कुठेच नसते. देव पाप विसरतो, असं आपण कैद्याला सांगतो. पण विहिरीवरून येताना आम्हाला ते म्हणता येईल का?

पाळकसाहेबांना एकदा मी हेच विचारलं, तेव्हा त्यांनी इंदूरची हकीकत सांगितली. पुढे मी ती वेगवेगळ्या ठिकाणी वाचली. सिस्टर राणी मारिया या केरळच्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट जोगीण मध्य प्रदेशात उदयनगर भागात गरीब शेतकऱ्यांमध्ये काम करत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. ज्यांनी आपल्याला पुढे घातलं त्यांचा सूड घ्यायचा, या एका विचारावर तो तुरुंगात दिवस काढत होता. स्वामी सदानंद नावाने ओळखले जाणारे एक भगव्या वस्त्रांतले कॅथलिक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. मग ऑगस्ट 2002 मध्ये राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या हाताला त्यांनी राखी बांधली.

एवढीच असती तर ही हकीकत मी कुठल्याही उपदेशाच्या वहीत टाकली असती. पण तिलाही सकाळ आहे. राणी मारियांच्या घरच्यांनी आणि त्यांच्या संस्थेने त्याच्या सुटकेसाठी सरकारकडे रीतसर अर्ज केला, त्यावर सह्या केल्या. 2006 मध्ये तो सुटला. पुढे तो केरळात त्या घरी जाऊन त्यांच्या आईला भेटला. 2017 मध्ये इंदुरात राणी मारियांना धन्य म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं. राखी सुंदरच आहे, पण मला त्या अर्जावरच्या सह्या जास्त दिसतात. शिवाय माफ करण्याचा हक्क त्या बहिणीचा होता, त्या आईचा होता. माझ्यासारख्या बिस्किटवाल्या बाईने आजींना काय म्हणून माफ करावं? माझं गेलंय काय?

पावसाळ्यात आजींना जामीन मिळाला. पंचवीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःच्या हमीचा कागद, आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात गेलो, तर आजी तिथेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तिथेच. जामीन मिळणं आणि बाहेर पडणं या दोन गोष्टी असतात, हे बाहेरच्या लोकांना कळत नाही. जामीनदाराकडे स्वतःच्या नावावर काहीतरी हवं. सातबारा, घराचा उतारा, तहसीलचा ऐपतीचा दाखला. आजींची जमीन कोर्टकचेरीत गहाण पडलेली, भावकीने तोंड फिरवलेलं, सुनेच्या मृत्यूनंतर गावात त्यांच्यासाठी सही करणारा कोण? महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करता येते का ते न्यायालयाने पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगून ठेवलंय. पण प्रत्यक्षात ते कोणीतरी अर्ज लिहून न्यायाधीशांपुढे ठेवावं लागतं, आणि मोफत विधी सेवेच्या वकिलाच्या हातात असे किती कागद असतात.

आजी म्हणाल्या, “म्या पैल्याच दिशी इचारलं व्हतं बाई. माझ्याकडं तारन न्हाई.”

पाळकसाहेबांच्या नावावर एक मोटारसायकल आहे. राहतात ते मिशनच्या घरात. आमच्या गटातल्या एका भाऊंनी आधीच एका पोरासाठी जामीन राहून पाहिला होता, तो पोरगा तारखेला आला नाही, भाऊंना नोटीस आली. उरले मी. माझ्या नावावर घर आहे, यजमानांनी कर्ज काढून बांधलेलं.

मुलाला फोनवर सांगितलं. तो काही क्षण गप्प. मग, “आई, वेडी झालीस का?” दुसऱ्या दिवशी त्याने मला बायबलच्या नीतिसूत्रांतली वचनं पाठवली. एक नाही, चार. सहावा अध्याय, अकरावा, सतरावा, बावीसावा. शेजाऱ्याला जामीन राहू नकोस, परक्याला जामीन राहणारा पस्तावतो, हातावर हात मारून हमी देणाऱ्यांपैकी होऊ नकोस, तुझ्या अंगाखालचं अंथरुण काढून नेतील. हा पोरगा सहा वर्षांत चर्चची पायरी चढलेला नाही! मला राग यायच्या ऐवजी हसू आलं. आणि वचनं खरीच आहेत, त्यात खोटं काय?

तीन आठवडे मी काही केलं नाही. प्रार्थना करत होते असं म्हणायला छान वाटतं, पण मी टाळत होते. आजी पळून जातील ही भीती कमी होती. मनात वेगळंच घोळत होतं. त्या पोरीच्या आईला कधी कळलं की माझ्या लेकीच्या सासूसाठी एका बाईने घर ठेवलं, तर ती काय म्हणेल? शेवटी मला दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या. जामीन म्हणजे माफी नव्हे. जामीनदार एवढंच म्हणतो की हा माणूस तारखेला हजर राहील, निकालाला तोंड देईल. ते त्या आईलाही हवंच असणार. निकाल तिथेच, न्यायालयात लागायचाय. तो मी लावायचा नाही आणि भावकीनेही नाही.

त्याच दिवसांत बायबलातलं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र पुन्हा वाचलं. एका पानाचं पत्र, पौलाने कैदेत असताना लिहिलेलं. अनेसिम नावाचा दास धन्याकडून पळाला होता, त्याला परत पाठवताना पौल धन्याला लिहितो की त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावावर मांड. मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. लहानपणी हे पत्र मला कंटाळवाणं वाटायचं. आता वाचलं तर तो चक्क जामिनाचा कागद. रक्कम कोरी, खाली सही.

केडगावला (दौंडजवळचं, आमचं नगरचं नव्हे) पंडिता रमाबाईंनी आपल्या कामाला ‘मुक्ती’ नाव दिलं, तेव्हा त्या मुक्तीत छापखाना होता, शेती होती, अंध मुलींचं शिक्षण होतं. दुष्काळात उपाशी पोरी त्यांनी गाडीत बसवून आणल्या. त्या बाईंना हे दोन अर्थ वेगळे कधी वाटलेच नसतील.

तहसीलला चार खेपा झाल्या. एकदा साहेब नाहीत, एकदा शिक्का नाही, एकदा घराच्या उताऱ्यावर यजमानांचंच नाव. मग वारसनोंद. ऐपतीचा दाखला हातात आला तेव्हा दिवाळी उलटली होती. न्यायालयात लिपिकाने फॉर्म पुढे ओढला, नाव, वय, पत्ता, मालमत्तेचं वर्णन भराभरा लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, “आरोपी तुमची कोण?”

मी काहीच बोलले नाही. त्याने चष्म्यावरून बघितलं. माझ्या कुंकू नसलेल्या कपाळाकडे, मग कागदावरच्या आडनावाकडे, मग आजींच्या आडनावाकडे.

“नातं लिहावं लागतं, बाई.”

पाळकसाहेब मागून काहीतरी सांगायला लागले, त्याने हाताने थांबवलं. “ओळखीची लिहितो,” म्हणाला आणि लिहिलं. मी सही केली. त्या दिवशी मनगटावर शिक्का नव्हता, तरी बाहेर पडताना मी हात पुढे केला. वकीलबाईंना वाटलं मी हस्तांदोलन करतेय, त्यांनी हात हातात घेतला.

आजी त्याच आठवड्यात दिंडी दरवाजातून बाहेर आल्या. बुटक्या आहेत, त्यांना वाकावं लागलं नाही. गावी गेल्या नाहीत. तालुक्याला एका विठ्ठलमंदिराच्या धर्मशाळेत झाडलोट करतात, तिथेच राहतात. माळ गळ्यात आहे, मी ती काढावी असं कधी म्हटलं नाही आणि गटातल्या ज्या एकाने म्हटलं त्याला पाळकसाहेबांनी बाजूला नेऊन समजावलं.

खटला चालू आहे. दर तारखेच्या आदल्या रात्री नऊच्या सुमाराला फोन येतो. धर्मशाळेच्या पुजाऱ्याचा फोन असतो, त्यामुळे बोलणं थोडक्यात.

“बाई, उद्या तारीख हाय. म्या जाते. तुमी निवांत झोपा.”

“जेवलात का आजी?”

“जेवले.” मग मागे कुणाचा तरी खोकला, घंटा. “बाई, एक इचारू? त्या जेलरचं म्होरं काय झालं? त्यानं कैद्यास्नी घरी निऊन जेवाया घातलं, त्याची नोकरी ऱ्हायली का? कुटं ल्हिवलंय का?”

मी तोंडातल्या तोंडात सोळावा अध्याय शेवटपर्यंत म्हणून बघितला.

“नाही लिहिलेलं, आजी.”

“आसं,” म्हणाल्या, आणि फोन ठेवला.